फळीवरचा भाव आणि बिलावरचा भाव

गेल्या महिन्यातील एका रविवारी संध्याकाळी मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका मोठ्या किराणा मार्टमध्ये महिन्याचा बाजार करायला गेले होते. काउंटरच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. त्यांच्या टोपलीत तेलाची एक पिशवी, साखर, चहा, रवा आणि अंगाच्या साबणाचा एक पुडा एवढेच सामान होते, आणि हातात मोजून आणलेल्या नोटा होत्या. कॅशियरने एकूण रक्कम सांगितली तेव्हा त्या थबकल्या, पुन्हा नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझा हिशेब तर बसत होता की.’’ रांग मोठी होती. त्यांनी साबणाचा पुडा बाजूला काढून ठेवला, उरलेल्या सामानाचे पैसे दिले आणि त्या निघून गेल्या. त्यांची बेरीज चुकली असेल असे मला वाटले, आणि तसे वाटल्याचा मला आजही खेद आहे.

घरी आल्यावर बिल ओळीने वाचल्याशिवाय सामान डब्यात भरायचे नाही, ही सवय मला वडिलांनी लावली. ते लक्ष्मीपुरीतील धान्याच्या एका पेढीवर दिवाणजी होते. त्या रात्री बिल वाचताना शेंगदाणा तेलाच्या ओळीवर मी थांबले. फळीवरच्या लेबलवर एक लिटरच्या पिशवीचा भाव १८४ रुपये लिहिलेला मी स्वतः वाचला होता, म्हणून एकाऐवजी दोन पिशव्या घेतल्या होत्या. बिलात मात्र भाव २१० रुपये लागला होता. सुट्या तूरडाळीचा भाव पिंपावर १३८ रुपये किलो होता, बिलात १४६ रुपये. दोन किलो डाळ आणि दोन पिशव्या तेल मिळून ६८ रुपये जास्त गेले होते. पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या टोपलीतही तेलाची तीच पिशवी होती. त्यांचा हिशेब बरोबर होता. त्यांनी लेबलवरचा भाव धरून बेरीज केली होती, आणि तेवढ्या २६ रुपयांसाठी साबण मागे राहिला होता.

दुसऱ्या दिवशी बिल घेऊन मी पुन्हा गेले. दोन्ही लेबले जागेवरच होती, त्यांची छायाचित्रे मी आधी घेतली. काउंटरवरचा मुलगा अदबीने बोलला, पण त्याचे उत्तर ठरलेले होते : ‘‘काकू, पिशवीवर एमआरपी २१० आहे. आम्ही एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेतलेला नाही.’’ हे उत्तर ऐकून पुष्कळ लोक गप्प बसतात, म्हणून त्यातील चूक नीट सांगणे मला आवश्यक वाटते. पाकिटावर छापलेली किंमत ही सर्व करांसह असलेली कमाल मर्यादा आहे. तिच्यापेक्षा जास्त घेणे वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापे आणि वेष्टनांविषयीच्या, नियमांनुसार गुन्हा आहे, परंतु तेवढी किंमत देण्यास ग्राहक बांधलेला आहे असा तिचा अर्थ कधीच नव्हता. दुकानदाराने आपल्या हाताने १८४ चे लेबल लावले, त्या भावाकडे पाहून मी शेजारचे दुसरे तेल सोडून हे उचलले, आणि काउंटरवर पोहोचल्यावर भाव छापील किमतीवर गेला. मर्यादा पाळली गेली, पण मला दाखवलेला भाव पाळला गेला नाही. मोठ्या दुकानात आपण जातो ते याच सवलतीच्या भावासाठी, आणि तोच भाव फक्त लेबलवर लिहिलेला असतो.

सुट्या मालाच्या बाबतीत तर हा बचावही उरत नाही. तूरडाळीच्या पिंपावर कोणतीही एमआरपी नसते, त्यामुळे तेथे लावलेली पट्टी हाच ग्राहकाला कळणारा एकमेव भाव असतो. वजनकाट्यावर डाळ मोजून पिशवीला स्टिकर लावले जाते, त्यावरचा दर काट्याच्या स्मरणात भरलेला असतो, आणि मागे माणसे उभी असताना ती बारीक अक्षरे वाचायला कोणी थांबत नाही. मीही थांबले नव्हते.

हे मुद्दाम केले जाते असे मी म्हणणार नाही, कारण त्याची रीत समजून घेतल्यावर मला कारण वेगळे दिसले. पाकिटावरच्या बारकोडमध्ये किंमत नसतेच. त्यात तेरा आकडे असतात, भारतातून नोंदवलेल्या मालाचे सुरुवातीचे तीन आकडे बहुधा ८९० असतात, आणि हा केवळ त्या वस्तूचा क्रमांक असतो. काउंटरवर यंत्र तो क्रमांक वाचते आणि किंमत दुकानाच्या संगणकातील यादीतून उचलते. ती यादी एका जागी बसून काही मिनिटांत बदलता येते. फळीवरची लेबले मात्र माणसाने फिरून, एकेक काढून बदलावी लागतात. सवलतीची मुदत संपली की संगणकात भाव वाढतो आणि जुने लेबल मागे राहते. मालाचा भाव चढला तरी तेच होते. दोन्ही वेळा मागे राहिलेले लेबल कमी भावाचेच असते, म्हणून कोणाच्या मनात खोट नसली तरी चुकीचा भार पुन्हापुन्हा ग्राहकावरच पडतो. भाव उतरला तरी घोटाळा टळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अशा वेळी एकाच बारकोडच्या मालाच्या दोन किमती यादीत असतात, आणि कॅशियरने घाईत जुनी निवडली की तोटा पुन्हा घेणाऱ्याचाच.

कायद्याची बाजूही मी वाचली. १८७२ च्या करार कायद्याच्या प्रचलित अर्थानुसार दुकानातील लेबल हे विक्रीचे वचन मानले जात नाही, ते खरेदीसाठीचे निमंत्रण मानले जाते. म्हणजे काउंटरवर बिल होण्याआधी भाव बदलल्याचे सांगितले, तर ग्राहकाने ती वस्तू न घेणे हा मार्ग असतो. पण माझ्या बाबतीत, आणि त्या बाईंच्या बाबतीतही, कोणी काही सांगितलेच नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूवर किंवा वेष्टनावर दर्शवलेल्या, अथवा उभयतांत ठरलेल्या किमतीहून जास्त घेणे हा तक्रारीचा विषय आहे, आणि किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, वकील लागत नाही, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ६८ रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मला अधिक उपयोगाचा वाटतो.

तरीही खरा उपाय दुकानातच व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कॅनडातील अनेक मोठ्या दुकानांनी २००२ पासून एक नियम स्वेच्छेने स्वीकारला आहे : काउंटरवर लेबलपेक्षा जास्त भाव लागला आणि वस्तू दहा डॉलरपर्यंतची असेल, तर ती ग्राहकाला फुकट द्यायची, त्याहून महाग असेल, तर दहा डॉलर कमी करायचे. यामुळे झालेल्या चुकीची किंमत दुकानालाच मोजावी लागते आणि लेबले वेळेवर बदलण्याची काळजी तेथेच घेतली जाते. आपल्याकडे एवढे नाही, तरी ‘फळीवरचा भाव कमी असेल, तर तोच लागेल’ अशी एक ओळ काउंटरवर लिहिणे कोणत्याही दुकानाला जड जाऊ नये. पेढीवर एकदा सांगितलेला भाव माल तोलताना बदलत नसे, असे वडील सांगत; मी याहून वेगळे काही मागत नाही.

व्यवस्थापकांनी माझे ६८ रुपये लगेच परत दिले. मग मी त्यांना विचारले की भाव वाढल्यापासून ज्यांनी हे तेल नेले त्यांचे काय, तेव्हा ते म्हणाले, ‘‘बिल घेऊन आले तर त्यांनाही देऊ.’’ असे बिल घेऊन कोणी येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. रांगेतल्या त्या बाईंच्या साबणाचे मी सांगितले, तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि एका मुलाला लेबले तपासायला पाठवले.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा तेलाच्या फळीवरचे जुने लेबल निघालेले होते. तूरडाळीच्या पिंपावर मात्र १३८ हाच आकडा होता. डाळ तोलायला देण्याआधी मी व्यवस्थापकांना बोलावून आणले, आणि पट्टी त्यांच्या हातून निघेपर्यंत तेथेच उभी राहिले.