कासच्या वाटेसाठी सायकल निवडताना
साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कास पठाराकडे जाणारा सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता डांबरी असला, तरी मला आसपासच्या जांभ्या खडकातल्या कच्च्या वाटाही फिरायच्या होत्या (फुलांच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मात्र चाक घालू नये, हे माझे ठाम मत आहे), म्हणून अरुंद टायरची रोड सायकल मी आधीच बाद केली. सस्पेन्शनवाली (धक्के शोषणारी) एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, चढाला जड वाटली. अखेर ४० मिलिमीटरचे टायर आणि डिस्क ब्रेक असलेली ग्रॅव्हल सायकल, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांवर चालणारी सायकल, घेतली. साखळीच्या पुढच्या लहान चक्राला आणि मागच्या मोठ्या चक्राला सारखेच दाते असल्यामुळे गिअर हलका पडतो आणि घाट बसूनच चढता येतो. पावसात रिमवर, म्हणजे चाकाच्या कड्यावर, दाबणाऱ्या रिम ब्रेकची रबरे ओल्या रिमवर घसरतात, तेव्हा डिस्कचे मोल कळते. मातीवर उतरण्यापूर्वी मी थोडी हवा सोडतो. अंगठ्याखाली टायर किंचित दबला, की खडीवर पकड मिळते.