पाच किलो सहाशे

आर्वीकडच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात रोजचं काम म्हणजे कृत्रिम रेतन, लसीकरण, कानातले बिल्ले आणि या सगळ्याची ऑनलाइन नोंद. नोंदीला रेंज लागते, ती फक्त मागच्या कडुनिंबाखाली मिळते. ससा वर्षातून दोनदा येतो, आणि आला की परिचरसुद्धा हसतो.

पशुप्रदर्शनाच्या आदल्या दुपारी आबाजी आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू टोपल्यात ससा घेऊन आले. न्यूझीलंड व्हाइट जातीचा, पांढराशुभ्र. "साहेब, कालपासून खाऊन नाही राहिला. लेंडीही टाकून नाही राहिला." मी सशाला लगेच ओळखलं. मागच्या वर्षी त्याला पहिलं बक्षीस मीच दिलं होतं. तेव्हा चार किलो होता. आता शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर पाच किलो सहाशे ग्रॅम.

पोट हाताला मळलेल्या कणकेसारखं लागत होतं. अंगाचं तापमान 99 फॅरनहाइट, सशाचं 101 ते 103 हवं. टोपल्याच्या तळाशी चार-दोन लेंड्या, मोहरीएवढ्या. चांगल्या सशाची लेंडी हरभऱ्याएवढी असते आणि बोटांत फोडली की आत गवताचा भुसा दिसतो.

"खायला काय देतो बेटा?"

भिजवलेला हरभरा, सरकीची ढेप, गूळ, चहातलं बिस्कीट. पोरगं अभिमानानं सांगत होतं. गवत? "गवत त बैल खाते, साहेब."

इथेच सगळी गोम आहे. बैल रवंथ करतो. सरकीच्या ढेपेतल्या गॉसिपॉल नावाच्या विषाची बाधा त्याच्या पोटात बरीच कमी होते, सशाच्या नाही. सशाची चारा आंबवायची भट्टी मागे, आंधळ्या आतड्यात. तिथली मऊ लेंडी तो तोंड मागे नेऊन परत खातो. आबाजींना ती घाण वाटायची, म्हणून ते त्याला हटकायचे! चारा धागेदार नसेल तर हे आतडं थंडावतं, पीठ-गूळ आत आंबतं, आणि सशाला ओकताही येत नाही. शिवाय दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन मिलिमीटर, आणि गवत चावल्याशिवाय दाढा झिजत नाहीत. गावातल्या डॉक्टरांकडून कान बघायची दुर्बीण मागून आणली. खालच्या दाढेची कड जिभेकडे काट्यासारखी वळली होती. आमच्याकडे दुर्बीण का नाही, हे विचारायचं मी सोडून दिलंय.

एवढ्यात आबाजींनी खिशातून बाटली काढली. मेडिकलवाल्यानं दिलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप.

"पाजलं काय?"

"अजून नाही."

मी बाटली ड्रॉवरमध्ये टाकली. हे औषध तोंडावाटे गेलं की सशाच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात आणि मागून ससाही. मेडिकलवाल्याला प्राणी दाखवावा लागत नाही, नुसतं 'खात नाही' म्हटलं की पुरतं.

कोमट सलाईन कातडीखाली, वेदनेचं इंजेक्शन, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि अंगणातच थबकलो. गवळाऊ बैलांच्या जोडीसाठी गंजी रचलेली, पवन्या गवताची. कुसळ धरायच्या आत कापलेलं, सावलीत वाळवलेलं, अजून हिरवट. मूठ नाकाशी नेली तर गोडसर वास, झटकली तर धूळ नाही. सोयाबीनच्या कुटारासारखी नाकात जात नाही. सशाला याहून चांगलं खाणं जिल्ह्यात नसेल, आणि ते त्याच्या पिंजऱ्यापासून दहा पावलांवर होतं. लसूणघास मी मुद्दाम सांगितला नाही. वाढत्या पिल्लाला तो ठीक. मोठ्या सशाच्या लघवीत त्यातल्या कॅल्शियमचा गाळ साचतो.

रात्री नऊला त्यानं एक काडी ओढली. अर्धी खाल्ली, अर्धी टाकली. सकाळी आबाजींचा फोन आला, "पाच लेंड्या." आकडा सांगताना म्हातारा हसत होता.

मग मी प्रदर्शनाला गेलो. सशांच्या गुणपत्रकात वजनाचा रकाना सर्वांत मोठा. मागच्या वर्षी मी तो आनंदानं भरला होता. यंदा वरिष्ठांना म्हटलं, पाठीचा कणा हाताला लागतो का, की चरबीखाली दडलाय, तेही बघू, दात बघू. "फॉर्म वरून आलाय," म्हणाले. पहिल्या आलेल्या सशाच्या वाटीत भिजवलेला हरभरा होता. सही माझीच आहे.

मंगळवारी दाढ घासायला ससा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचा आहे. एस.टी.त ससा चालतो काय, असं आबाजी विचारत होते. कंडक्टरवर आहे म्हणालो.