तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एवढ्याशा पोरांना तिथे काय कळतं?’

दर दुसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही चौघं एका सार्वजनिक वाचनालयात मदतीला जातो. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘‘अगं, एवढ्याशा पोरांना तिथे काय कळतं? आणि न्यायचंच आहे तर एखाद्या आश्रमात ने ना. आपल्याला किती मिळालंय याची जाणीव तरी होईल.’’

यातल्या आश्रमाचं आधी सांगते, कारण ते आम्ही करून बसलोय.

थोरला पाच वर्षांचा असताना त्याला घेऊन एका बालगृहात गेलो होतो. सोबत खेळण्यांची भलीमोठी पिशवी. तिथल्या मुलांना आधीच रांगेत बसवून ठेवलं होतं. त्यांनी आमच्यासाठी गाणं म्हटलं, आमच्या चिरंजीवांनी एकेकाच्या हातात खेळणं ठेवलं, कुणीतरी फोटो काढले आणि पाऊण तासात आम्ही बाहेर पडलो. परतताना मी मोठ्या आशेने विचारलं, ‘‘काय वाटलं रे तुला?’’ तो म्हणाला, ‘‘त्यांना तर माझं नावपण माहीत नव्हतं. मग माझ्यासाठी गाणं का म्हटलं?’’

मला उत्तर सुचलं नाही. पुढे आठवडाभर तो ‘ती बिचारी मुलं’ असं म्हणत होता. ‘बिचारी’ हा शब्द त्याने आमच्याच तोंडून उचललेला. म्हणजे तो काहीतरी शिकला होता, पण आम्हाला हवं होतं ते नाही. जगात देणारे एकीकडे, घेणारे दुसरीकडे, आणि आपण देणाऱ्यांत, एवढंच त्याला कळलं होतं. दुसऱ्याचे हाल पाहून ‘सुटलो बुवा’ वाटणं ही कृतज्ञता नव्हे. शिवाय आमच्या मुलाला धडा मिळावा म्हणून रांगेत बसायचं, ही त्या मुलांवर कुठली सक्ती? या विचाराने मला आजही ओशाळल्यासारखं होतं.

आता ‘काय कळतं’ याबद्दल. मदत करायची ओढ मुलांमध्ये आपण समजतो त्याच्या कितीतरी आधीपासून असते. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बाळं जेमतेम १८ महिन्यांची. समोर एक माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो आणि हात लांब करूनही त्याला तो उचलता येत नाही. न सांगता, बक्षीस नसताना, बाळं जाऊन चिमटा आणून देत. माझं लक्ष मात्र त्यांच्या २००८ सालच्या प्रयोगाने जास्त वेधलं. २० महिन्यांच्या ज्या बाळांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळाली, ती पुढे कमी मदत करू लागली. नुसती शाबासकी मिळालेल्यांचं तसं झालं नाही. हे वाचल्यापासून वाचनालयातून येताना मुलांना काहीही घेऊन द्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी तो दोनदा मोडला. तिसऱ्या शनिवारी घरातून निघायच्या आधीच प्रश्न आला, ‘‘आज काय घेणार?’’

(दोन वर्षांखालची मुलं खाऊ मिळाल्यापेक्षा दुसऱ्याला देताना जास्त खूश दिसतात, असंही लारा अ‍ॅकनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१२ च्या अभ्यासात आढळलं. तो खाऊ एका बाहुल्याला द्यायचा होता. भावाला द्यायचा असता तर काय झालं असतं, याची मला घरबसल्या कल्पना आहे.)

तर ओढ असतेच. हातांना खरं काम मात्र आपण देत नाही. लुटुपुटूचं काम मुलांना लगेच ओळखू येतं. नीट रचलेली पुस्तकं पुन्हा रचायला सांगितली, तेव्हा धाकटीने मला असा काही लूक दिला की बस. आता तिच्याकडे तपासणीचं खातं आहे. बालविभागातलं एकेक पुस्तक घ्यायचं, पानं उलटायची, फाटलेलं दिसलं की खोक्यात टाकायचं. त्या खोक्याला ती ‘दवाखाना’ म्हणते. थोरला पाठीवरचे क्रमांक बघून पुस्तकं जागेवर लावतो. मी आणि नवरा दवाखान्यातली पुस्तकं चिकटवतो. चाळीस मिनिटं, फार तर पन्नास. कंटाळा यायच्या पाच मिनिटं आधी उठायचं, हे शहाणपण बऱ्याच रडारडीनंतर आलं.

कृतज्ञतेचा धागा मला इथे सापडला, आणि तोही मी शोधत नसताना. एका शनिवारी थोरल्याने ग्रंथपाल बाईंना विचारलं, ‘‘आम्ही येत नाही तेव्हा हे कोण करतं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मीच की.’’ ‘‘सगळं?’’ ‘‘सगळं.’’ त्याने त्या सगळ्या कपाटांवरून एकदा नजर फिरवली. ‘थँक यू म्हण’ असं मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते, तेव्हा त्या शब्दामागे काहीच नव्हतं. एक रांग लावायला किती वेळ जातो ते त्याला आता हातांनी माहीत होतं. घरी तो पुस्तक वाचताना खूण म्हणून पानाचा कोपरा मुडपेनासा झाला. मी मुडपते, त्यावरून बोलणी खाते.

म्हणून मी आता मुलांना ‘बघायला’ कुठे नेत नाही, कामाला नेते, आणि त्याच त्या ठिकाणी नेते. सहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी वर्षभर जावं, म्हणजे माणसं नावाने ओळखतात. वृद्धाश्रमात जायचं असेल तरी हेच. तिथे तर मुलांना मिळतंच जास्त: गोष्टी, खेळ, वेळ असलेली मोठी माणसं. फक्त सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी घरीच बसायचं, चाकाची खुर्ची किंवा नाकातली नळी दिसेल हे मुलांना आधी सांगून ठेवायचं, कुणाच्याही खोलीत त्यांना एकटं सोडायचं नाही आणि फोन खिशात ठेवायचा.

एखाद्या शनिवारी ‘मी नाही येणार’ ऐकू येतं. तेव्हा मी ओढून नेत नाही. पण ‘मी येत नाहीये’ असं बाईंना फोन करून स्वतः सांग, एवढं मात्र म्हणते. निम्म्या वेळा तो फोनच टाळण्यासाठी चपला पायात जातात. ही लबाडी आहे, मान्य.

सुरुवात कुठून करायची, हेही विचारता. फोन करून विचारा, की लहान मुलांना जमेल असं तुमचं कुठलं काम अडलंय. आम्हाला तीन ठिकाणांहून नकार मिळाला, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलं म्हणजे दुप्पट राखण. चौथा फोन वाचनालयाला केला. बाईंनी विचारलं, ‘‘मुलाला शंभरपर्यंत आकडे येतात का?’’ तेव्हा त्याला वीसपर्यंतच नीट यायचे. तसं सांगितलं.

‘‘चालेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खालच्या फळीवर वीसच मावतात.’’