तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिक्लेम, कॉपर-टी आणि गोळीचा त्रास

"पाच लाखांचा मेडिक्लेम आहे, मग कॉपर-टीचे पैसे का मिळत नाहीत?" हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुली हे हमखास विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "गर्भनिरोधक गोळीनं मळमळतं, बंद करू का?" दोन्हींचं उत्तर एकत्रच द्यायला हवं. पदरचे पैसे घालून आणलेली गोळी त्रास झाला की महिनाभरात कपाटात जाते, आणि पुन्हा खर्च नको म्हणून दुसरं काही विचारायचं राहूनच जातं.

आधी विम्याचं. पॉलिसीत काय काय बसत नाही त्याची यादी असते, तिच्यात 17 क्रमांकाचा कोड शोधा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने 2019 साली या वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. या कोडाचं शीर्षक वंध्यत्वाचं आहे आणि त्याखाली पहिल्याच ओळीत कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन आणि नसबंदी. मूल हवं असणाऱ्यांसाठीचं कलम समजून बायका ते वाचतच नाहीत. 18 वा कोड बाळंतपणाचा, कायदेशीर गर्भपातही त्यातच वगळलेला. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपण बऱ्याचदा वेगळं जोडून घेतलेलं असतं, गर्भनिरोधन सहसा नसतं. बाळंतपणाला पैसे आणि पाळणा लांबवायला काहीच नाही, हा मला सरळ अन्याय वाटतो. ग्रुप पॉलिसीची कलमं नूतनीकरणाच्या वेळी वाटाघाटीत ठरतात, तेव्हा त्याच्या दोन महिने आधी एचआरला लेखी मागणी द्या. चार-पाच जणींनी मिळून दिली तर उत्तमच.

हार्मोनचं साधन गर्भाशयात बसवतात ते कधीकधी पाळीत अतिरक्तस्राव होतो म्हणून. तुमचं कारण खरोखर तेच असेल तर केसपेपरवर निदान लिहून घ्या, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट जोडा आणि बसवण्याआधी टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम पाहणाऱ्या संस्थेचा, लेखी होकार मिळवा. आधी बसवून मग बिल पाठवलं तर ओपीडीतलं काम म्हणून ते परत येण्याचीच शक्यता जास्त.

पण मुळात बरंचसं फुकट मिळतं. सरकारी कुटुंबनियोजनात माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा इंजेक्शन, कॉपर-टी आणि निरोध यांना पैसे पडत नाहीत. महापालिकेचा जवळचा दवाखाना किंवा प्रसूतिगृह, पुण्यात मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, ससून, पिंपरीकडे वायसीएम रुग्णालय, इथे चौकशी करा. मात्र नाव घेऊन विचारा. "काहीतरी द्या" म्हटलं तर समोरच्याला जे सोयीचं तेच हातात पडतं. "मिस्टरांना घेऊन या" असं ऐकावं लागलं तर शांतपणे सांगा की सज्ञान स्त्रीला कॉपर-टीसाठी किंवा गोळीसाठी नवऱ्याची सही लागेल असा कायदा नाही. गर्भपातालाही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते.

आता त्रास. माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, त्यातल्या 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. मळमळ आणि अधूनमधून डाग पडणं पहिल्या तीन पाकिटांत होतं आणि बहुतेकींचं आपोआप थांबतं. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. एक गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली लगेच घ्या, रोजची चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करा. पिंडरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, अचानक धूसर दिसणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, यासाठी मात्र तीन महिने थांबायचं नाही. गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बीपी असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होत असेल किंवा पस्तिशीनंतर सिगारेट चालू असेल, तर ही गोळी सुरूच करू नका. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर कमी होतो.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतात, त्यावरून एक गैरसमज पक्का बसलाय. नोरेथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून, अशी ती देतात. या पद्धतीने घेतली तर ती गर्भनिरोधक नाही. त्या दिवसांत वेगळी काळजी घ्यावीच लागते.

छायात हार्मोन नाही, त्यामुळे मळमळही नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ही गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करून तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची. पाळी लांबते आणि कमी जाते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करा. पीसीओडी (अंडाशयात गाठी होणं) किंवा कावीळ असेल तर छाया नको, हे आधीच सांगा.

अंतरा दर तीन महिन्यांनी. इंजेक्शनची जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर संपतं. पाळी बंद झाली की बायका घाबरतात, "रक्त आत साठतंय का?" नाही. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, साठायला काही तयारच होत नाही. मूल हवं असेल तेव्हा मात्र शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरातच विचार असेल तर दुसरं साधन घ्या.

कॉपर-टी 380 ए दहा वर्षं चालते, 375 पाच वर्षं. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं, म्हणून हिमोग्लोबिन आधी तपासा. पाळीनंतर कॉपर-टीचा धागा हाताला लागतो का ते बघत जा.

कॉपर-टी असताना पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखू लागलं, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असू शकतो. त्याच दिवशी तपासणी आणि सोनोग्राफी करा आणि मेडिक्लेमचं कार्ड सोबत न्या. 18 व्या कोडात नळीतल्या गर्भाला अपवाद केलेला आहे, दाखल करावं लागलं तर तो क्लेम मागता येतो.