सोलापूरच्या पाण्यात दार्जिलिंग

सोलापूरला सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधून उतरलं की स्टेशनबाहेर दुधातला, दणकून उकळलेला चहा मिळतो. तो प्यावाच. आमच्या बॅगेत मात्र दार्जिलिंगमधल्या, कर्सियांगजवळच्या मकाईबारी मळ्याचा सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनच्या खुडणीचा काळा चहा होता. एकाच मळ्याचा चहा घ्यायचा तो त्या मळ्याची आणि त्या हंगामाची चव कळावी म्हणून. ती दाबून टाकायला बोअरचं जड पाणी पुरेसं आहे.

लॉजच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर दिसला की समजावं. अशा पाण्यात चहा तांबूस न होता मळकट तपकिरी होतो, आणि जरा निवला की वर तवंग धरतो. तो पानातल्या तेलाचा नसतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्यामुळे चहातली पॉलिफिनॉल्स हवेशी संयोग पावतात, त्याची ती साय. लिंबू पिळलं तर तवंग जातो, पण सुगंधही जातो. निव्वळ आरओच्या पाण्यात चव पोकळ लागते. आम्हाला पटलं ते तीन भाग जारचं (आरओचं) पाणी आणि एक भाग नळाचं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर ५० ते १५० च्या दरम्यान आणा. आधी किटलीत लिंबाचं पाणी उकळून थर काढा, नाहीतर सगळी मेहनत फुकट.

२०० मिलीला ३ ग्रॅम पत्ती, तीही काट्यावर तोलून. लांब वळलेली पानं चमच्यात नीट बसत नाहीत, त्यामुळे सीटीसीच्या, म्हणजे दुधाच्या चहाच्या दाणेदार पत्तीच्या सवयीने चमचा भरला तर चहा पाणचट होतो. उकळी आल्यावर किटली बंद करून मिनिटभर थांबा, पाणी ओता, झाकण ठेवा, साडेतीन मिनिटांनी पूर्ण गाळा. पानं गॅसवर उकळू नका, गाळणीत दाबूही नका. दोन्हींनी तुरटपणा उतरतो. त्याच पानांचा दुसरा कप पाच मिनिटांचा.

आधी गाळणीतल्या ओल्या पानांचा वास घ्या, मग आवाज करत फुरका मारा, म्हणजे वास टाळूमागून नाकात चढतो. चांगल्या सेकंड फ्लशमध्ये मस्कट या सुवासिक जातीच्या द्राक्षाचा गंध असतो. तुडतुड्यांनी कोवळी पानं शोषली की झाड बचावासाठी जी सुगंधी द्रव्यं तयार करतं, त्यांचा यात मोठा वाटा. द्राक्षबागायतदाराला हे सांगून पाहा, तो हसेल. त्याची फवारणी तुडतुड्यांवरही चालते. फक्त सोलापूरजवळच्या नान्नजच्या सोनाका द्राक्षाची चव मनात धरून हा गंध शोधू नका. सोनाका थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या कुळातली, गोड पण मस्कट वासाची नव्हे.

चव घ्यायची ती सकाळी, काही खाण्याआधी. शेंगाचटणी आणि कडक भाकरीनंतर जिभेवर लसूण-तिखटच उरतं. परतीच्या सामानात चटणी असणारच, तेव्हा चहाचा डबा हवाबंद आणि वेगळ्या कप्प्यात. पत्ती वास ओढते. लसणाचा वास एकदा बसला की तो डबा दुधाच्या चहालाच कामी येतो.