उणे अठरा, एक मासा आणि झारा

आज घरामागच्या तळ्यावर पाच तास उभा होतो. काठावर नाही, तळ्यावर! मिनेसोटात इतकी वर्षं काढली, तरी बर्फावर पहिलं पाऊल टाकताना पोटात गोळा येतोच. (पायी चालायला चार इंच चांगला बर्फ पुरतो म्हणतात. आज चौदा इंच होता.)

तळ्याकाठच्या लोकांनी मासेमारीची स्पर्धा ठेवली होती. जमलेले पैसे मिलफॉइल काढायला. ही परदेशी पाणवनस्पती राज्यात १९८७ मध्ये मिनेटोंका तळ्यात सापडली. तुटलेल्या तुकड्यातूनही नवं रोप उगवतं, आणि बोटीच्या ट्रेलरला चिकटून ती पुढच्या तळ्यात पोचते. आपल्या जलपर्णीची चुलत बहीणच.

माझ्याकडे काम काय, तर ऑगरने (म्हणजे मोठ्या गिरमिटाने) बर्फात गळ टाकायला भोकं पाडायची आणि त्यांवर सारखी धरणारी बर्फाची साय काढायची. शेजारच्या आजोबांचा झारा तुटला, म्हणून मी घरून आणला. भज्यांचा. अगदी फिट्ट बसला!

मासा एकच लागला, तळहाताएवढा ब्लूगिल. सोडून दिला. बक्षीस एका सात वर्षांच्या पोरीने नेलं, तेही गरम चॉकलेट पीत पीत.

झारा घासून जागेवर ठेवलाय. बायको फेसबुकवर नसते, तेवढं बरं आहे.