उंची तीच, मग वेळ वेगळा कसा?

"टेकाडाची उंची तेवढीच ठेवून नुसता आकार बदलला, तर कणाला पलीकडच्या खड्ड्यात पोचायला लागणारा वेळ बदलेल का?" एमएस्सीच्या वर्गात हा प्रश्न मला दर वर्षी येतो. तास संपतो आणि उत्तर अर्धंच राहतं. तुम्हीही विचारलंत म्हणून आज नीट सांगते. वेळ बदलतो. टेकाड आणि खड्डे इथे मातीचे नाहीत, ऊर्जेचे आहेत: खड्ड्यात कण अडकून राहतो, टेकाड ओलांडायला त्याला ऊर्जा लागते.

पाण्यातला मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, मणी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी ढकलत असतात, तो सारखा थरथरत असतो. लेझरचा झोत मण्याला आपल्याकडे ओढून धरतो; अशा दोन झोतांनी शेजारीशेजारी दोन खड्डे केले, की मणी एकात बसून राहतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग अचानक तो दुसऱ्यात दिसतो! ओलांडणं क्षणाचं, बाकी सगळा वेळ वाट बघण्यात गेलेला.

या वाट बघण्यावर टेकाडाच्या उंचीची हुकमत मोठी, हे खरंच. टेकाड औष्णिक ऊर्जेच्या (तापमानामुळे रेणूंच्या धक्क्यांत असते त्या ऊर्जेच्या) 5 पटींवरून 10 पटींवर नेलं, तर वेळ सुमारे 150 पट होतो. बहुतेक जण इथेच थांबतात, याचं मला वाईट वाटतं. डच भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक क्रामर्स यांनी 1940 साली मांडलेल्या सूत्रात आणखी दोन गोष्टी आहेत: खड्ड्याचा तळ किती अरुंद आणि टेकाडाचा माथा किती टोकदार. माथा पसरट असला, की वर पोचलेला कण तिथेच घुटमळतो, दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि कितीदा तरी आला तसा घसरून जातो. पाण्यात घर्षण इतकं, की धक्का सरताच मणी थांबतो. तिथे माथ्याची वक्रता, म्हणजे टोकदारपणा, पाव केली तर वेळ दुप्पट.

केंब्रिजमध्ये झालेला, 2020 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर मी कितीदाही सांगेन. त्यात लेझरने मण्याच्या वाटेला इंग्रजी 'एन'चा आकार दिला होता: आखूड उभा चढ, लांब उतार, पुन्हा आखूड चढ. दोन्ही टोकं एकाच पातळीवर. आणि मणी सपाट वाटेपेक्षा दुप्पट दराने बाहेर पडला. कारण आखूड चढावर त्याच्या धडका पटापट होतात, एखादी लागू पडते. मधली लांब वाट उतारच ओढून नेतो. शेवटच्या चढापाशी तो अडतो खरा, पण तिथून मागे जायचं तर तो अख्खा लांब उतार चढावा लागतो, म्हणून तो तिथेच राहून पुढच्या चढावर धडका देत राहतो.